मॉरिशसमधली क्वाड-सफर : यंत्र, माती आणि मालकी

मॉरिशसमध्ये क्वाड बाईकवर बसून 'जंगल आणि किनारा' पाहायला निघालेला पर्यटक त्या दीड-दोन तासांतला बराचसा वेळ जंगलात नसतो आणि किनाऱ्यावर तर जवळपास नसतोच. ऊस वाहून नेण्यासाठी काढलेले कच्चे रस्ते, शिकारीसाठी राखलेली कुरणे, ओढ्यांवरचे जुने दगडी उतार, फडांच्या कडेने जाणारे बांध यांवरून तो फिरत असतो. जाहिरातीतल्या फोटोंवरून ही गोष्ट कळत नाही, आणि बऱ्याच पर्यटकांना ती परत येईपर्यंतही कळत नाही. माझ्या मते या सफरीचे सगळे गुणदोष इथूनच समजून घ्यावे लागतात. हे वाहन या बेटावर चालण्याजोगे आहे ते माणसाने आधीच उलथापालथ करून ठेवलेल्या जमिनीवर, आणि तेवढ्यापुरतेच. तिथून ते मूळच्या रानात किंवा वाळूवर गेले की हिशेब एकदम बदलतो.

आधी जमीन पाहू. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. बेट सगळे ज्वालामुखीतून घडलेले, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेले. मराठी वाचकाला हा कातळ परका वाटायचे कारण नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूवरून दख्खनच्या पठाराचा आणि सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला असे भूशास्त्र मानते, त्याच तप्तबिंदूने पुढे मॉरिशस घडवले. आज तो शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली धुमसतो आहे. त्यामुळे काळा बेसाल्ट, त्याच्या झिजेतून झालेली तांबडी माती, पावसात चिकट आणि उन्हात भुकटी होणारी वाट, हे सगळे कोकणातून घाट चढणाऱ्याच्या ओळखीचे असते. पाऊस मात्र फार असमान. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास, तर मधल्या पठारावर चार हजारांपर्यंत. क्वाडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर पश्चिमेला धूळ आणि दक्षिणेला चिखल.

वाट कुणाची?

डच लोकांनी १६३८ मध्ये इथे वस्ती केली आणि पुढच्याच वर्षी दोन गोष्टी आणल्या: ऊस आणि जावा बेटावरचे हरीण. पुढच्या पावणेचारशे वर्षांत बेटाचा नकाशा या दोघांनी वाटून घेतला. सपाट आणि मंद उताराची जमीन उसाकडे गेली, डोंगरकुशीतली खडकाळ जमीन हरणांकडे, म्हणजे शिकारीकडे. फ्रेंच अमदानीत आणि १८१० नंतर इंग्रजी अमदानीत उसाचा विस्तार झाला. १८५८ च्या सुमारास बेटावर २५९ साखर कारखाने होते. आज तीन आहेत. कारखाने मिटले तरी इस्टेटी मिटल्या नाहीत आणि त्यांचे रस्तेही मोडले नाहीत.

मोठा धक्का बसला तो २००६ नंतर. युरोपीय संघाने साखरेची हमी किंमत टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी खाली आणली आणि २००९ मध्ये जुना साखर करारच संपला. हजारो एकर जमीन हाताशी असलेल्या इस्टेटींना उसापलीकडचे उत्पन्न शोधणे भाग पडले. काहींनी हॉटेले बांधली, काहींनी बंगल्यांच्या वसाहती, काहींनी वीजनिर्मिती वाढवली. पर्यटन पूर्वीही होते. कास्काव्हेलजवळचे कासेला हे १९७९ मध्ये पक्षी-उद्यान म्हणून सुरू झाले होते. पण झिपलाइन, घोडेस्वारी, क्वाड यांचा आजचा पसारा या दडपणाखाली वाढला. क्वाडला भांडवल कमी लागते. रस्ते तयार असतात, जमीन एकाच मालकाची असते, परवानगीसाठी दहा शेतकऱ्यांच्या दारात जावे लागत नाही. पश्चिमेला कासेलाला लागून असलेले येमेन नावाचे राखीव रान, दक्षिणेला बेल ऑम्ब्र, पूर्वेला बांबू डोंगररांगेच्या परिसरातल्या इस्टेटी, सगळीकडे मांडणी हीच.

कास्काव्हेलचे नाव निघालेच आहे तर एक नोंद. १८३४ पासून जवळजवळ साडेचार लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर आले. त्यांतले मुंबईच्या बंदरातून चढलेले, मुख्यतः रत्नागिरीकडचे लोक पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि आसपास स्थिरावले. कास्काव्हेल हे मॉरिशसच्या मराठी समाजाचे जुने ठिकाण. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. क्वाडवरून जाताना उसाच्या फडांत मध्येच काळ्या दगडांचे उंच, नीट रचलेले ढीग दिसतात. मार्गदर्शक थांबला नाही तर ते कुठल्या तरी देवळाचे अवशेष वाटून राहतात. जमीन लागवडीखाली यावी म्हणून मजुरांनी हाताने वेचलेले ते दगड आहेत. ज्या वाटेवर आपण मजेसाठी तासाचे पैसे मोजतो, ती वाट कुणी मोकळी केली याचा एवढा उघड पुरावा दुसरा नाही. आणि हे दगड केवळ इतिहासापुरते नाहीत. पुढे यंत्राच्या विचारातही ते आडवे येणार आहेत.

यंत्र

हे वाहन तसे तरुण आहे. १९७० मध्ये होंडाने फुग्यासारख्या टायरांची तीन चाकी गाडी अमेरिकेत आणली. ती वळणावर फार उलटत असे. १९८२ च्या सुमारास सुझुकीने चार चाकांचे रूप बाजारात आणले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत झालेल्या समझोत्यानंतर तीनचाकी विक्रीतून गेली. चौथे चाक आल्याने उलटण्याचा प्रश्न सुटला, असे लोकांना वाटले. तो फक्त थोडा पुढे ढकलला गेला.

गणित सोपे आहे. गाडी बाजूला कधी कलंडेल हे दोन मापांवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. समजा चाकांमधले अंतर ९० सेंटिमीटर आहे. त्याचे निम्मे ४५. एकटा माणूस बसला असताना गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरला तर गुणोत्तर ०.६४ येते. मागे दुसरा माणूस बसला, गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर चढला, की ते ०.५६ वर उतरते, म्हणजे सुमारे २९ अंशांचा आडवा उतार. ऑस्ट्रेलियाने शेतीच्या क्वाडसाठी जी किमान स्थिरता सक्तीची केली आहे तिची मर्यादा २८.८१ अंश आहे, म्हणजे गुणोत्तर ०.५५. त्याच नियमांनुसार २०२१ पासून तिथे नव्या क्वाडवर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी कमानही सक्तीची झाली.

आता वेग मिळवा. सहा मीटर त्रिज्येचे वळण, कच्च्या वाटेवर नेहमी सापडणारे. ताशी १५ किलोमीटरला बाहेर ओढणारा जोर गाडीच्या वजनाच्या ०.३० पट असतो. ताशी २० ला ०.५२, ताशी २५ ला ०.८२. म्हणजे सपाट जमिनीवरही दोघांना घेऊन जाणारी क्वाड ताशी २० ला जेमतेम तगते आणि २५ ला, टायर घसरले नाहीत तर, कलंडते. वळणाची वाट बाहेरच्या बाजूला दहा अंश कललेली असेल तर ताशी २० सुद्धा जास्त होतात. वाटाड्या पुढच्या गाडीवरून हात खाली-वर हलवत 'हळू' सांगतो तेव्हा तो उगाच घाबरवत नसतो. पाच किलोमीटरच्या फरकात सगळे सामावलेले असते, आणि एवढा फरक अंगठ्याला जाणवतही नाही.

'टायर घसरले नाहीत तर' ही अट महत्त्वाची. मोकळ्या मातीवर क्वाड सहसा आडवी सरकते, आणि सरकणे हीच तिची सुरक्षितता. पण सरकणारे चाक एखाद्या दगडाला किंवा खोल चाकोरीच्या काठाला अडले, की सरकण्याची जागा उलटणे घेते. वेचलेल्या दगडांचे ढीग जिथे फडाफडांत उभे आहेत, तिथे न वेचलेले दगड वाटेत किती असतील याचा अंदाज करावा. मॉरिशसच्या पश्चिमेकडची कोरडी वाट दिसायला निरुपद्रवी असते, आणि अशा अपघातांना तीच जास्त अनुकूल. दक्षिणेच्या चिखलात माणूस माखतो, ओरडतो, पण वेगच घेऊ शकत नाही.

मोटारसायकल चालवणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली, रेस मनगटाने पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने दाबायची असते. याला कारण आहे. खडबडीत वाटेवर धक्का बसून अंग मागे गेले की मुठीची रेस आपोआप पिळली जाते आणि गाडी आणखी उसळते, अंगठ्याची सुटते. दुसरी गोष्ट अधिक अवघड. बऱ्याच क्वाडना मागच्या आसावर डिफरन्शियल नसतो, दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, आतल्याला कमी; दोघांना एकाच दांड्याने बांधले तर एकाला फरफटावेच लागते. म्हणून क्वाड वळायला नाखूश असते, सरळच जाऊ पाहते. चालकाने आतल्या बाजूला झुकून, बाहेरच्या पायावर भार देत तिला वळवायचे असते. गाडी आणि माणूस मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास वजनात चालक सत्तर-ऐंशी किलोंचा, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. इतका मोठा हलता भार मोटारीत कुठेच नसतो. पर्यटक मात्र स्कूटरवर बसल्यासारखा ताठ बसतो, मागचा त्याला घट्ट धरून ठेवतो, आणि पाचवा हिस्सा वाया जातो. सफरीआधीच्या दहा मिनिटांच्या सरावात हेल्मेटचा पट्टा आणि ब्रेक दाखवतात. अंग कुठे टाकायचे हे दाखवतात असे गृहीत धरू नये, विचारून घ्यावे.

माती

क्वाडच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा खरा आहे. तिच्या टायरांत हवेचा दाब पाच पौंडांच्या आसपास असतो, मोटारीच्या सहाव्या हिश्शाएवढा. मऊ टायर पसरतो आणि जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक तृतीयांश किलो पडतो. चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाखाली याच्या आगेमागेच दाब असतो आणि गुरांच्या खुराखाली त्याच्या कितीतरी पट. म्हणजे उभी क्वाड जमिनीला फारसे काही करत नाही.

पण ती उभी राहात नाही. मातीला इजा होते ती आडव्या ओढीने. चढणीवर चाक फिरून सरकते, वळणावर ते आतले चाक फरफटते, आणि दोन्ही वेळा वरचा मुळांनी बांधलेला थर सोलला जातो. शिवाय माती दबते ती पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वांत जास्त; त्यानंतरच्या प्रत्येक फेरीने भर पडते ती थोडी थोडी. या एका गुणधर्मावरून धोरण ठरते. जुन्या, दबलेल्या वाटेवर शंभरावी गाडी जवळजवळ फुकट जाते, तर नव्या जमिनीवर दहा गाड्यांनी मोठे नुकसान झालेले असते. 'रोज नव्या वाटेने नेतो' असे अभिमानाने सांगणारा मार्गदर्शक त्यामुळे नको तेच करत असतो. वाट जितकी जुनी आणि नीरस, तितकी बरी.

नंतर पाणी येते. चाकोरी उताराच्या दिशेने असेल तर पहिल्या मुसळधार पावसात ती ओहोळ होते. झीज झालेल्या बेसाल्टची तांबडी माती त्या ओहोळातून नदीला आणि नदीतून थेट खाडीला मिळते. मॉरिशसभोवती प्रवाळाचे जवळपास अखंड कडे आहे, पण नद्यांच्या मुखांसमोर त्यात खिंडारे आहेत, कारण गोडे पाणी आणि गाळ प्रवाळाला मानवत नाही. डोंगरातली वाट आणि किनारा यांचा हिशेब असा एकच आहे. जिने समुद्राचे तोंडही पाहिले नाही अशा क्वाडचा गाळ लगूनमध्ये, म्हणजे कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, पोचू शकतो. आडव्या चऱ्या, उतारावर दगडी बांध, पाणी बाजूला काढणारे चर हे जुने उपाय ऊसवाल्यांना पाठ होते. आजच्या सफरींतही जिथे वाट टिकून आहे तिथे खाली पाहिले तर दगडांचे असे जुने आडवे पट्टे सापडतात.

शामारेलच्या रंगीत मातीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. बेसाल्टमधली सिलिका पावसाने धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यातून ते तांबडे-जांभळे उंचवटे झाले. पूर्वी लोक त्यांच्यावरून चालत. आता लाकडी कठड्याबाहेरूनच पाहावे लागते. पावलांनाही जिथे बंदी घालावी लागली, तिथे चाकांचा प्रश्नच नव्हता.

रान

मूळचे, चांगल्या स्थितीतले जंगल मॉरिशसमध्ये दोन टक्क्यांच्या आत उरले आहे. त्यातला मोठा भाग १९९४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे, काळ्या एबनीसह. क्वाडच्या सफरी चालतात त्या मुख्यतः खासगी इस्टेटींवर, आणि ही विभागणी नशिबाने झाली असली तरी योग्य झाली आहे. पर्यटकाला दिसते ती हिरवाई बहुतांशी बाहेरून आलेली: मादागास्करची पंख्यासारखी रावेनाला, ब्राझीलहून आलेला चिनी पेरू, गवत, निलगिरी. आणि हरणे. जावाचे हे हरीण आपल्या सांबराच्या भाऊबंदांतले. फोटोत छान दिसते, पण मूळच्या झाडांची रोपे खाऊन टाकणाऱ्यांत त्याचा क्रमांक वरचा आहे. सोबतीला रानडुक्कर आणि खेकडेखाऊ माकडे आहेतच.

म्हणून 'क्वाड मॉरिशसचे जंगल संपवते' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जंगल उसाने संपवले, उरलेले पेरू आणि हरीण संपवत आहेत. क्वाडचा खरा धोका असा की ती पेरूला मदत करते. या रानपेरूची रोपे उघड्या, उजेडाच्या जागी दाटीने उगवतात, इतकी की मधून माणूस आडवा झाल्याशिवाय जाऊ शकत नाही. वाटेच्या कडा त्याला अशी जागा पुरवतात. टायरच्या खोल नक्षीत अडकलेल्या चिखलात बिया असतात आणि एका गाडीची सफर पेरूच्या झाडीतून उद्यानाच्या सीमेपर्यंत जात असेल तर बियांचीही जाते. बेल ऑम्ब्रचे रान १९७७ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राला लागून आहे, तिथे हा विचार कागदावर न राहता फाटकावर व्हायला हवा: परतलेल्या गाड्या कुठे धुतात, ते पाणी कुठे जाते. उद्यानात काही तुकड्यांना कुंपण घालून, आतले परके झाड हाताने उपटून, मूळचे रान परत उभे केले जाते. वर्षानुवर्षांची ती मेहनत आहे. कुंपणाशेजारी बियांची ने-आण करणे म्हणजे ही झाडे उपटणाऱ्यांचे काम वाढवणे.

आवाजाबद्दल थोडक्यात. १९७४ मध्ये मॉरिशसचा ससाणा निसर्गात केवळ चार पक्ष्यांपुरता उरला होता. संवर्धकांनी अंडी उबवून, पिल्ले सोडून तो परत आणला. पूर्वेच्या बांबू डोंगररांगेत आज त्याची जी वस्ती आहे ती अशीच सोडलेल्या पक्ष्यांची. विणीच्या काळात घरट्याच्या कड्याखालून गाड्यांची रांग जाऊ न देणे एवढे सहज करता येते, आणि इस्टेटवाल्यांना ते परवडते, कारण वाटा त्यांच्याच आहेत.

किनारा

किनाऱ्याची मालकी वेगळी. फ्रेंच काळापासून भरतीरेषेपासून आत पन्नास 'भौमितिक पावलां'चा, म्हणजे ८१.२१ मीटरचा पट्टा सरकारचा मानला जातो. हॉटेले तो भाडेपट्ट्याने घेतात. त्यामुळे इस्टेटीची क्वाड-सफर किनाऱ्याकडे उतरते तेव्हा ती सहसा वाळूवर जात नाही. दक्षिणेला, जिथे प्रवाळाचे कडे तुटते आणि लाटा थेट बेसाल्टच्या कड्यांवर आदळतात, त्या सुइयाकच्या पूर्वेकडच्या भागात ल सुफ्लेरसारख्या ठिकाणी उसाच्या फडांतूनच कच्ची वाट कातळावर जाते. कातळावर चाकाने काही बिघडत नाही. खारे वारे, खाली फुटणारे पाणी, मागे हलणारा ऊस. बेटाची घडण एका जागी पाहायची तर ही जागा चांगली.

वाळूवर मात्र हे वाहन नको. मॉरिशसची पांढरी वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या भुग्याची आहे. डोंगरातून तिची भर पडत नाही, प्रवाळ जगेल तेवढीच ती तयार होते. लगूनमधली वाळू उपसण्यावर सरकारने २००१ मध्ये बंदी घातली ती याच कारणाने. भरतीरेषेच्या वरचा कोरडा, मऊ पट्टा मर्यादवेल आणि सुरूच्या मुळांनी धरलेला असतो, खेकड्यांची बिळे तिथेच असतात. मर्यादवेलीच्या लांब फांद्या वाळूवर पसरून पेरापेरांशी मुळे धरतात. चाक त्यावरून गेले की पेरे तुटतात आणि वाळूवरची वेलीची पकड सुटते. हे मराठी वाचकाला सांगावे लागते, कारण आपल्याकडे रायगड-रत्नागिरीच्या अनेक पुळणींवर याच गाड्या थेट वाळूवर पळतात, आणि वेळास येथे २००२ पासून ज्या कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले ती घरटी भरतीरेषेच्या वरच्या अशाच पट्ट्यात असतात. इस्टेटीच्या मालकाला स्वतःची वाट जपण्यात फायदा असतो; पुळणीवर गाडी भाड्याने देणाऱ्याला तो नसतो. दोन्हीकडे यंत्र तेच आहे.

उरतो ऋतूचा प्रश्न, आणि तो खरोखर सुटत नाही. मातीच्या दृष्टीने पावसानंतर वाट दोन-चार दिवस बंद ठेवणे सर्वांत परिणामकारक. पण मॉरिशसचा पावसाळा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, चक्रीवादळांसह, आणि युरोपातले पर्यटक थंडीला कंटाळून येतात तेही नाताळाच्या आगेमागेच. वाट जितकी ओली तितकी मागणी जास्त, कारण चिखलात माखलेला फोटो कोरड्या फोटोपेक्षा भाव खातो. मोठ्या इस्टेटी दोन-तीन पर्यायी वाटा आलटून-पालटून वापरू शकतात आणि पश्चिमेच्या कोरड्या भागाकडे गर्दी वळवू शकतात. एकाच वाटेवर पोट असलेला छोटा व्यावसायिक तसे करू शकत नाही, आणि त्याने ती वाट बंद ठेवलेल्या दिवसांची भरपाई कुणी करावी हे ठरल्याशिवाय त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.